आईची गाणी जगभर नेणारी ओफ्रा

बायकांच्या इतिहासाच्या आपल्या या मालिकेत आज जरा लांबचा प्रवास करायचा आहे. अरबी समुद्र ओलांडून, इस्राएल नावाच्या छोट्याशा देशात. तिथल्या एका गायिकेची आणि सिनेमातल्या नटीची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत. तिचं नाव ओफ्रा हाझा.

"परदेशातली नटी, तिचं आम्हाला काय?" असा प्रश्न कुणाच्या मनात आला असेल, तर तो रास्तच आहे. तेव्हा आधीच सांगून टाकतो. ही बाई गरीब वस्तीत वाढली. नऊ भावंडांत सगळ्यात धाकटी. तिची आई लग्नाकार्यात गाणी म्हणायची, आणि त्या गाण्यांना शहाणीसुरती माणसं गावंढळ समजायची. तीच गाणी या पोरीने जगभर ऐकवली. पण स्वतःच्या दुखण्याविषयी मात्र तिला चारचौघांत एक शब्द बोलता आला नाही, आणि वयाच्या बेचाळिसाव्या वर्षी ती गेली. आवाज मिळणं म्हणजे काय आणि गप्प राहावं लागणं म्हणजे काय, हे दोन्ही तिच्या आयुष्यात दिसतं. म्हणून तिची गोष्ट आपल्या कामाची.

वस्तीचं नाव आशा

ओफ्राचा जन्म 19 नोव्हेंबर 1957 चा, तेल अवीव शहरातला. या शहराच्या दक्षिणेला हातिक्वा नावाची वस्ती आहे. हातिक्वा या हिब्रू शब्दाचा अर्थ आशा. नाव आशा असलं तरी वस्ती कष्टकऱ्यांची, दाटीवाटीची. ओफ्राचे वडील येफेत आणि आई शोशाना हे येमेन देशातून आलेले यहुदी होते. यहुदी म्हणजे ज्यू. येमेन हा अरबस्तानच्या दक्षिण टोकाचा देश. तिथे यहुदी लोक शेकडो वर्षं राहत होते. सोनारकाम, विणकाम, चामड्याचं काम अशी कारागिरी करून पोट भरत होते.

1948 साली इस्राएल हा देश स्थापन झाला आणि जगभरातून यहुदी लोक तिकडे जाऊ लागले. 1949 आणि 1950 या दोन वर्षांत येमेनमधून साधारण 49,000 लोकांना विमानांनी नेलं गेलं. त्यातल्या कितीतरी जणांनी त्याआधी विमान पाहिलेलंही नव्हतं. अवघ्या तीन-चार वर्षांत इस्राएलची लोकसंख्या दुप्पट झाली. एवढ्या माणसांना घरं कुठून आणणार? मग तंबू आणि पत्र्याच्या खोल्यांच्या छावण्या उभ्या राहिल्या. कुणी वर्षभर तिथे काढलं, कुणी कितीतरी वर्षं.

आता इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. बाहेरून पाहिलं तर सगळे एकाच धर्माचे. पण आत थर होते. युरोपातून आलेले यहुदी कारभारात, शिक्षणात, वर्तमानपत्रांत, रेडिओवर वरच्या जागी बसले. येमेन, मोरोक्को, इराक अशा देशांतून आलेल्यांना 'मिझराही', म्हणजे पूर्वेकडचे, म्हटलं जायचं. त्यांचं बोलणं अडाणी, त्यांचं जेवण तिखटजाळ, त्यांची गाणी रडकी, असा एकूण सूर. चांगल्या नोकऱ्या आणि चांगल्या शाळा त्यांच्या वाट्याला कमी आल्या. एका देवाची लेकरं म्हणायचं आणि पंगतीत मात्र वेगळं बसवायचं, हा प्रकार आपल्याला काही नवा नाही.

आपल्या कोकणातल्या बायकाही तिथेच

हे ऐकताना आपल्या रायगड जिल्ह्यातल्या बेने इस्राएल लोकांची आठवण येते. अलिबाग, पेण, रोहा, मुरूड या भागात हे यहुदी लोक पिढ्यान् पिढ्या तेलाच्या घाण्यांचा धंदा करायचे. शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावात त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. घरात बोलणं मराठी, बायकांची नेसणं आपल्यासारखीच, आणि धार्मिक गोष्टींवरची गाणीही मराठीतच. 1948 नंतर त्यातले बहुसंख्य लोक इस्राएलला गेले.

तिथे गेल्यावर त्यांच्याही वाट्याला हाच अनुभव आला. 1960 च्या सुमारास तिथल्या धर्मगुरूंनी, बेने इस्राएल लोकांचं लग्न लावण्याआधी त्यांच्या मागच्या पिढ्या तपासायच्या, असा नियम काढला. हे खरे यहुदी आहेत की नाहीत, अशी शंका. आपली माणसं गप्प बसली नाहीत. त्यांनी मोर्चे काढले, जेरुसलेममध्ये धरणं धरलं. शेवटी 1964 साली इस्राएलच्या संसदेने जाहीर केलं की बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत, आणि तो भेदभाव करणारा नियम मागे घ्यावा लागला. आपली भाषाही त्यांनी सोडली नाही. तिकडे राहून 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक चालवलं.

ओफ्रा बेने इस्राएल नव्हती, येमेनी होती. पण ज्या देशात आणि ज्या काळात ती लहानाची मोठी झाली, त्याची हवा कशी होती, हे आपल्या कोकणच्या माणसांच्या अनुभवावरून चटकन कळतं.

पत्र्याच्या डब्यावरचा ताल

ओफ्राची आई येमेनमध्ये असताना लग्नसमारंभांत गायची. येमेनी यहुद्यांमध्ये गाण्याची वाटणी झालेली होती. पुरुषांची गाणी हिब्रू आणि अरबी मिसळलेली. ती 'दिवाण' नावाच्या पोथीत लिहिलेली असत आणि सणासुदीला, लग्नात पुरुष ती पोथी घेऊन गात. बायकांना बहुतेक लिहायला-वाचायला शिकवलेलं नसे. त्यांची गाणी बोलीभाषेतल्या अरबीत, तोंडोतोंडी चालत आलेली. मेंदीच्या रात्री, बाळंतपणात, घरकाम करताना त्या ती गात. त्यात सासुरवास असायचा, सवतीचा जाच असायचा, लांब गेलेल्या नवऱ्याची वाट पाहणं असायचं. आपल्या जात्यावरच्या ओव्या ज्यांनी आजीच्या तोंडून ऐकल्या आहेत, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

वाद्यं म्हणाल तर पितळी किंवा तांब्याचं ताट आणि पत्र्याचा रिकामा डबा. त्यावर बोटांनी ताल धरायचा. एवढ्यावर रात्र रात्र गाणं रंगायचं.

ओफ्रा हे ऐकत मोठी झाली. ती बारा वर्षांची असताना हातिक्वा वस्तीत बेझलेल अलोनी नावाचे एक नाट्यदिग्दर्शक मुलांची नाटकमंडळी चालवत होते. गरिबी, भेदभाव, वस्तीचे प्रश्न यांवर वस्तीतल्याच मुलांनी नाटकं आणि गाणी बसवायची, असं ते काम होतं. अलोनींनी या मुलीचा आवाज हेरला. पुढे जवळजवळ पंचवीस वर्षं तेच तिचे मार्गदर्शक आणि तिच्या कामाचे व्यवस्थापक राहिले. वस्तीतल्या एका छोट्या नाटकमंडळीतून एवढी मोठी गायिका निघाली, हे आपल्या गावच्या कलापथकांनी आणि भजनी मंडळांनी लक्षात ठेवावं.

सिनेमा आणि एक टोचणारा शब्द

इस्राएलमध्ये मुलींनाही सैन्यात ठरावीक काळ नोकरी करावीच लागते. ओफ्राने ती दोन वर्षं पुरी केली आणि 1979 साली ती 'श्लागेर' नावाच्या हिब्रू सिनेमात दिसली. श्लागेर म्हणजे गाजलेलं गाणं. दिग्दर्शक होते असी दायान. हा हसवणारा, गाण्यांचा सिनेमा होता, आणि त्यात ओफ्राने म्हटलेलं एक गाणं देशभर गाजलं.

त्या गाण्याच्या नावात 'फ्रेखा' असा शब्द आहे. हा शब्द तिथे शिवीसारखा वापरला जायचा. गरीब वस्तीतली, भडक कपडे घालणारी, शिक्षण नसलेली, मिझराही घरातली मुलगी म्हणजे फ्रेखा. गाण्यातली मुलगी सांगते की मला नाचायचं आहे, हसायचं आहे, मला फार मोठमोठे शब्द नकोत. गाणं लिहिलं होतं दिग्दर्शक दायान यांनी. ते एका प्रतिष्ठित घराण्यातले, त्यांचे वडील मोशे दायान देशाचे नामवंत सेनानी. म्हणजे वस्तीतल्या मुलीच्या तोंडी शब्द घातले ते वरच्या थरातल्या माणसाने.

या गाण्यावर आजही तिथे दोन मतं आहेत. काही बायका म्हणतात, यात आमची टिंगल आहे. काही म्हणतात, ज्या शब्दाने आम्हाला हिणवलं तोच शब्द ओफ्राने ताठ मानेने गायला आणि त्याची नांगी मोडली. आम्हाला वाटतं, दोन्हींत तथ्य आहे. शब्द दुसऱ्याचे होते, पण आवाज त्या वस्तीचाच होता, आणि लोकांच्या लक्षात राहिला तो आवाज.

त्यानंतर ती देशातली पहिल्या क्रमांकाची गायिका झाली. 1980 ते 1983 अशी ओळीने चार वर्षं 'वर्षातली सर्वोत्तम गायिका' म्हणून तिची निवड झाली. पण एक लक्षात घ्या. तेव्हा ती जी गाणी गात होती ती बहुतेक सगळ्यांना चालतील अशी, आधुनिक हिब्रू गाणी होती. मिझराही ढंगाची गाणी सरकारी रेडिओवर फारशी लागत नसत. ती कॅसेटवर विकली जायची, तेल अवीवच्या जुन्या बसस्थानकापाशी, टपऱ्यांवर. आईचं गाणं अजून घरातच होतं.

"आम्ही जिवंत आहोत"

1983 साली ओफ्राला आपल्या देशाच्या वतीने युरोव्हिजन या मोठ्या गाण्याच्या स्पर्धेत पाठवलं गेलं. त्या वर्षी स्पर्धा होती जर्मनीतल्या म्युनिक शहरात. या शहराचं नाव इस्राएली माणसाच्या काळजात रुतलेलं. जर्मनीत हिटलरच्या राजवटीने लाखो यहुद्यांना मारलं. म्युनिकच्या जवळच दाखाऊ इथे छळछावणी होती. शिवाय 1972 साली याच शहरात ऑलिंपिक सामने चालू असताना इस्राएलच्या संघातल्या 11 जणांचा हल्लेखोरांच्या हातून जीव गेला होता.

अशा ठिकाणी ओफ्रा जे गाणं गायली त्याचं नाव होतं 'खाय', म्हणजे जिवंत. पंचविशीतली ती मुलगी हसतमुखाने गात होती, आणि गाण्याचा अर्थ ऐकणाऱ्याला बरोबर कळत होता. तिचा दुसरा क्रमांक आला. पहिल्या आलेल्या लक्झेंबर्गला 142 गुण होते आणि तिला 136. सहा गुणांनी पहिला नंबर गेला, पण घरोघरी तिचं नाव झालं.

आईचं गाणं बाहेर आलं

यश मिळालं, नाव मिळालं. आता आणखी तसलीच गाणी गावीत, असं कुणीही म्हणालं असतं. ओफ्राने उलट केलं. 1984 साली तिने 'येमेनी गाणी' नावाचा संग्रह काढला, आपल्या आईवडिलांसाठी. घरात ऐकलेली, लहानपणापासून पाठ असलेली ती गाणी. ताल धरायला पत्र्याचा डबा आणि ताटही घेतलं, आणि त्याच्या जोडीला आधुनिक वाद्यं.

यातली बरीच गाणी शालोम शबाझी या कवीची होती. शबाझी सतराव्या शतकात येमेनमध्ये होऊन गेले. विणकर होते, असं परंपरा सांगते. आपल्याकडे कबीर माग चालवता चालवता दोहे रचायचे, तसेच हे. त्यांच्या कविता पोथीत होत्या, पुरुषांनी गायच्या. ओफ्राने त्या स्वतःच्या आवाजात जगासमोर गायल्या. पोथी पुरुषांची, ताल बायकांचा, आणि आवाज हातिक्वा वस्तीतल्या मुलीचा. हे सगळं एकत्र आलं.

शबाझींच्या एका गाण्याचं नाव 'इम निनआलू'. श्रीमंतांच्या दाराविषयी आणि देवाच्या दाराविषयी ते बोलतं. 1987 साली इंग्लंडमधल्या काही तरुण संगीतकारांनी या गाण्यातला ओफ्राच्या आवाजाचा तुकडा उचलून अमेरिकन नाचाच्या गाण्यात घातला, आणि लोक विचारायला लागले, हा आवाज कुणाचा? मग 1988 मध्ये मूळ गाणं नव्या रूपात निघालं आणि युरोपात तुफान चाललं. जर्मनीत ते कितीतरी आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. ज्यांना हिब्रूचं किंवा अरबीचं एक अक्षर कळत नव्हतं, ते तीनशे वर्षांपूर्वीच्या एका येमेनी विणकराच्या गाण्यावर नाचत होते.

ज्या गाण्यांना स्वतःच्या देशातला रेडिओ लावत नव्हता, ती जगाने डोक्यावर घेतली. मग देशालाही त्यांची किंमत कळली. घरच्या वस्तूचं मोल बाहेरच्या माणसाने सांगितल्यावर कळतं, ही रीत सगळीकडे सारखीच.

याच सुमारास तिच्यावर एक संकटही येऊन गेलं. 1987 साली ती आणि अलोनी बसले होते ते छोटं विमान जॉर्डनच्या सीमेजवळच्या डोंगरात कोसळलं. दोघंही वाचले. ओफ्रा पुन्हा उभी राहिली आणि पुन्हा गायला लागली.

1992 मध्ये निघालेल्या 'किर्या' या तिच्या संग्रहाला अमेरिकेतल्या ग्रॅमी या मोठ्या संगीत पुरस्कारासाठी नामांकन मिळालं. 1994 च्या डिसेंबरमध्ये नॉर्वेच्या ओस्लो शहरात शांततेचा नोबेल पुरस्कार दिला गेला, तो इस्राएलचे राबिन आणि पेरेस आणि पॅलेस्टिनी नेते अराफात यांना मिळून. त्या सोहळ्यात ओफ्रा गायली. पुढे ती शांतता टिकली नाही. वर्षभराच्या आतच राबिन यांचा खून झाला, आणि त्या भूमीतल्या दोन्ही बाजूंच्या आयांचं रडणं अजून थांबलेलं नाही.

नदीत बाळ सोडणारी आई

ओफ्राच्या आवाजाची ओळख जगभरच्या लहान मुलांना झाली ती 1998 च्या 'द प्रिन्स ऑफ इजिप्त' या कार्टून सिनेमातून. गोष्ट मोझेस म्हणजे मूसा यांची आहे. इजिप्तचा राजा गुलामांच्या घरात जन्मलेल्या मुलग्यांना मारायचा हुकूम काढतो. तेव्हा योखेवेद नावाची आई आपलं तान्हं बाळ टोपलीत घालून नदीच्या पाण्यात सोडते. आपल्या कुंतीने कर्णाला सोडलं तसं. फरक एवढाच, की कुंतीने लोकलाजेपायी सोडलं आणि योखेवेदने बाळ जगावं म्हणून.

या आईला आवाज दिला ओफ्राने. सिनेमाचे संगीतकार हान्स झिमर यांनी सांगितलं आहे, की ओफ्राला पाहिल्यावर त्या आईचं चित्रच तिच्यासारखं काढायचं ठरलं. सिनेमा अनेक भाषांत निघाला आणि तिने आपला गाण्याचा भाग सतराहून अधिक भाषांत स्वतः गायला. यातल्या कितीतरी भाषा तिला येत नव्हत्या. उच्चार ऐकायचा, अक्षरं लिहून घ्यायची आणि अर्थ मनात धरून गायचं. येमेनमधली तिची आई ताटावर ताल धरून ज्या बायकांसमोर गायची, त्या बायकांचा सूर आता देशोदेशी पोचला होता.

जे सांगता आलं नाही

1997 साली ओफ्राने एका उद्योजकाशी लग्न केलं. ती तेव्हा चाळिशीला टेकलेली. त्यानंतर ती लोकांत कमी दिसू लागली. 2000 सालच्या फेब्रुवारीत तिला अतिशय गंभीर अवस्थेत तेल अवीवजवळच्या तेल हाशोमेर इथल्या मोठ्या रुग्णालयात नेलं गेलं. बाहेर चाहत्यांची गर्दी जमली. लोक प्रार्थना करत होते, पण झालंय काय, हे कुणी सांगत नव्हतं. 23 फेब्रुवारी 2000 रोजी ती वारली. वय 42.

तिला एड्स झाला होता. तिच्या जाण्यानंतर 'हाआरेट्झ' या वर्तमानपत्राने हे छापलं, तेव्हा देशाला कळलं. मग वाद सुरू झाला. मेलेल्या बाईचं खाजगी दुखणं छापायचा वर्तमानपत्राला काय हक्क, असं काही म्हणाले. लपवलं म्हणूनच तर गेली, असं दुसरे म्हणाले. आणि सगळ्यात जास्त चर्चा कशाची झाली, ठाऊक आहे? हे दुखणं तिला कुणाकडून आलं, याची. नवऱ्याकडून की आणखी कशातून, यावर लोकांनी वर्षानुवर्षं वाद घातले. पुढच्याच वर्षी तिचा नवराही वारला.

त्या भांडणात आपण पडायचं नाही. कारण 'कुणाकडून' हा प्रश्नच बाईच्या जिवावर उठतो. त्या प्रश्नाच्या भीतीनेच बाई तपासणीला जात नाही, औषध घेत नाही, माहेरीही सांगत नाही. ओफ्रा लोकांच्या लेखी देवभोळ्या, सोज्वळ घरातली मुलगी होती. तिची तीच प्रतिमा सगळ्यांना हवी होती. 2000 साली या आजारावर चांगली औषधं आलेली होती. 1996 पासून दोन-तीन गोळ्यांचा एकत्र उपचार सुरू झाला होता आणि माणसं जगत होती. इस्राएलमध्ये तो उपचार मिळत होता. पैशांची तिला ददात नव्हती, डॉक्टरांची नव्हती. तरी ती रुग्णालयात पोचली ती अगदी शेवटी.

म्युनिकमध्ये लाखो लोकांसमोर 'जिवंत' म्हणून गाणारी बाई लाजेपुढे हरली. तिचा आवाज जगाने घेतला, पण तिचं दुखणं ऐकून घ्यायला कुणी तयार असेल, याची तिला खात्री वाटली नसावी. अशी खात्री देणं हे आजूबाजूच्या माणसांचं काम असतं. ते एकट्या आजारी बाईवर टाकून चालत नाही.

आपल्या गावात काय बदललं

आता आपल्याकडे येऊ. एचआयव्ही हा विषाणू आहे. तो शरीरात गेल्यावर उपचार न घेता वर्षं गेली की पुढे एड्स होतो. तो पसरतो असुरक्षित शरीरसंबंधातून, दूषित रक्तातून, एकमेकांची सुई वापरल्याने आणि उपचार न घेतलेल्या आईकडून बाळाला. एका ताटात जेवल्याने, एका हंड्यातलं पाणी प्यायल्याने, हात धरल्याने, पोराला कडेवर घेतल्याने तो पसरत नाही. डास चावल्यानेही नाही.

आपल्या देशात 2004 सालापासून सरकारी केंद्रांत याची औषधं फुकट मिळतात. त्याला एआरटी म्हणतात. ग्रामीण रुग्णालयात तपासणी फुकट होते आणि नाव गुप्त ठेवलं जातं. गरोदर बाईची तपासणी पहिल्या महिन्यांतच करून घ्यावी. आईने वेळेवर औषध सुरू केलं तर बाळ निरोगी जन्माला येऊ शकतं. रोज नेमाने औषध घेणारा माणूस कामधंदा करतो, संसार करतो, म्हातारपण पाहतो. काही शंका असेल तर 1097 या क्रमांकावर फुकट फोन करून विचारता येतं.

2017 साली यासाठी कायदाही झाला. एचआयव्ही आहे म्हणून कुणाला कामावरून काढता येत नाही, दवाखान्यात उपचार नाकारता येत नाहीत, पोराला शाळेतून काढता येत नाही. सासरच्या घरातून बाईला हाकलता येत नाही, तिला त्या घरात राहायचा हक्क आहे. आणि तिच्या परवानगीवाचून तिचं दुखणं चारचौघांत सांगता येत नाही. म्हणजे सांगायचं की नाही, हे ठरवायचा हक्क तिचाच. गुपित ठेवणं वेगळं आणि लाजेने उपचाराविना राहणं वेगळं, हा फरक आपण नीट लक्षात ठेवू. शेजारणीला सांगितलं नाही तरी चालेल, डॉक्टरला सांगितलंच पाहिजे.

तिच्या वस्तीतली बाग

2007 साली हातिक्वा वस्तीतल्या सार्वजनिक उद्यानाच्या एका भागाला 'गान ओफ्रा' म्हणजे ओफ्राची बाग असं नाव दिलं गेलं. जिथे ती अनवाणी खेळली असेल तिथेच आता वस्तीतली पोरं खेळतात. तिची गाणी अजून वाजतात. येमेनी घरांतल्या पुढच्या पिढीच्या मुली आज आजीची अरबी गाणी रंगमंचावर अभिमानाने गातात. ती वाट बऱ्याच अंशी ओफ्राने मोकळी केली.

मैत्रिणींनो, या महिन्याच्या गटाच्या बैठकीसाठी दोन कामं सुचवतो. पहिलं, गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला बोलवा आणि तिला येत असतील ती गाणी म्हणायला सांगा. मोबाइलवर टिपून ठेवा, खाली तिचं नाव लिहा. ती गेली की ती गाणीही जातील. दुसरं काम, आरोग्यताईंना किंवा आशाताईंना बैठकीला बोलवा आणि एचआयव्हीच्या तपासणीबद्दल उघडपणे बोला. एकीला दोघींना संकोच वाटेल. वाटू दे. बाकीच्या बोलत राहिल्या की तिलाही कळेल, की उद्या आपल्यावर वेळ आली तर या बायका 'कुणाकडून' असं विचारणार नाहीत. त्या 'औषध सुरू केलंस का' असं विचारतील.

पुढच्या भागात पुन्हा भेटू. तोवर नमस्कार.